सोलापूरची छोटी गाडी बर्फाच्या रस्त्यावर: टायरची निवड, साखळ्या आणि चालवण्याचा क्रम

नाताळच्या सुट्टीत किंवा जानेवारीतली गड्ड्याची यात्रा आटोपल्यावर स्वतःची गाडी घेऊन सोलापूरहून थेट मनालीकडे निघणारी कुटुंबे आता नवलाची राहिलेली नाहीत. दोन हजार किलोमीटरहून लांबचा हा प्रवास बहुतेक जण व्यवस्थित पार पाडतात आणि शेवटच्या पंधरा-वीस किलोमीटरमध्ये चुकतात. चुकाही ठरलेल्या असतात. निम्मे झिजलेले टायर तसेच ठेवले जातात, बर्फात पकड मिळावी म्हणून टायरभोवती बांधायच्या साखळ्या वाटेत विकत घेऊन मागच्या चाकांना लावल्या जातात, उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडली जाते आणि घसरू लागली की ब्रेक पूर्ण दाबला जातो. या लेखात तयारीपासून परतीपर्यंतचा क्रम दिला आहे. तो स्विफ्ट, वॅगनआर, ऑल्टो, आय१०, टियागो यांसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांसाठी आहे. ईको मागच्या चाकांवर चालते, त्यामुळे साखळ्या आणि सामान यांविषयीच्या पुढील सूचना तिला जशाच्या तशा लागू पडत नाहीत.

## आधी समजून घ्यायची एक गोष्ट

फ्रंट व्हील ड्राइव्ह, म्हणजे पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, गाडीत इंजिनाचे वजन ओढणाऱ्या चाकांवरच असते, म्हणून सपाट रस्त्यावर ती बर्फातूनही बऱ्यापैकी सुटते. नेमके याच गुणाने माणूस फसतो, कारण गाडी पुढे जाते आहे म्हणजे ती थांबेलही, असे तो गृहीत धरतो. थांबणे आणि वळणे हे मात्र चारही टायर रस्त्याला किती धरतात यावरच अवलंबून असते. तिथे इंजिन कोणती चाके ओढते याचा उपयोग नाही आणि चारही चाकांवर चालणाऱ्या फोर बाय फोर गाडीलाही सवलत मिळत नाही.

थोडा हिशेब करून पाहू. कोरड्या डांबरावर टायर आणि रस्ता यांमधील घर्षणांक साधारण ०.८ असतो, दबलेल्या बर्फावर तो ०.२ च्या आसपास येतो आणि गुळगुळीत गोठलेल्या थरावर ०.१ पर्यंत उतरतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यापासून कोरड्या रस्त्यावर सुमारे ८ मीटरमध्ये थांबते. तीच गाडी दबलेल्या बर्फावर ३० मीटरहून अधिक आणि गोठलेल्या थरावर ६० मीटरहून अधिक अंतर घेते, आणि ब्रेकवर पाय जाईपर्यंत जाणारे दहा-अकरा मीटर वेगळेच. वेग निम्मा केला की हे अंतर चौथाईवर येते, म्हणजे दबलेल्या बर्फावर ताशी २० हा वेग थांबण्याच्या दृष्टीने कोरड्या रस्त्यावरील ताशी ४० च्या बरोबरीचा ठरतो. खालच्या सगळ्या सूचना या हिशेबातून निघतात.

## टप्पा १: विंटर टायर खरोखर हवेत का, हे ठरवणे

माझे मत स्पष्ट आहे. आठवडाभराच्या सहलीसाठी सोलापूरहून विंटर टायर चढवून निघू नये. या टायरचे रबर कमी तापमानातही मऊ राहील असे बनवलेले असते, म्हणून साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली ते उत्तम पकड देते. आपला रस्ता बीड, छत्रपती संभाजीनगर, धुळे, इंदूर, कोटा, जयपूर असा राष्ट्रीय महामार्ग ५२ वरून जातो आणि तिथे डिसेंबरच्या दुपारीही तापमान त्याच्या कितीतरी वर असते. त्या उन्हात आणि महामार्गाच्या वेगात मऊ रबर झपाट्याने झिजते, ब्रेकचे अंतर वाढते आणि वळणावर गाडी लुळी वाटते. बर्फाच्या काही किलोमीटरसाठी उरलेला सगळा प्रवास कमी सुरक्षित करण्यात अर्थ नाही.

सहलीला जाणाऱ्यांनी तीन गोष्टींची सांगड घालावी: चांगली खोल नक्षी असलेले नेहमीचे टायर, मापाच्या साखळ्या, आणि गरज पडली तर आपली गाडी मनालीत उभी करून पुढे स्थानिक वाहनाने जाण्याची मनाची तयारी. ही तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त संकटे टाळते. बर्फ पडू लागला की पोलीस मनालीच्या पुढे नेहरू कुंड किंवा सोलंग येथून फक्त फोर बाय फोर किंवा साखळ्या लावलेली वाहने सोडतात. गुलमर्गलाही हिवाळ्यात टंगमर्गपासूनच्या चढावर हाच प्रकार असतो. परत पाठवले तर वाद घालू नये.

नोकरी, बदली किंवा लष्करी सेवेमुळे संपूर्ण हिवाळा हिमाचल, काश्मीर किंवा लडाखमध्ये काढायचा असेल तर मात्र विंटर टायर घ्यायलाच हवेत. तेही शक्यतो तिकडे पोहोचल्यावर चढवावेत. जर्मनीत किंवा कॅनडात गेलेल्या आपल्या मुलामुलींनी तिथला कायदा पाहावा. क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात विंटर टायर सक्तीचे आहेत.

## टप्पा २: टायर निवडणे

नेहमीच्या टायरची पारख. कायद्याने मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत चालते, पण ही मर्यादा बर्फासाठी नाही. बर्फ नक्षीच्या खाचांत दाबला जातो आणि बर्फावर बर्फाची पकड बसते, म्हणून खाच उथळ झाली की टायर जवळजवळ गोटाच समजावा. ४ मिलिमीटरपेक्षा कमी खोली असेल तर त्या टायरवर बर्फात जाऊ नये. खोली मोजण्याची छोटी पट्टी स्वस्तात मिळते. प्रत्येक टायर आतल्या कडेला, मध्ये आणि बाहेरच्या कडेला असा तीन ठिकाणी मोजावा, कारण अलाइनमेंट बिघडलेल्या गाडीचा टायर बाहेरून चांगला आणि आतून संपलेला असतो. रिमोल्ड केलेला, म्हणजे जुन्यावर नवी नक्षी चढवलेला, टायर या प्रवासाला नेऊच नये.

टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा असतो. पहिले दोन अंक आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, म्हणजे ३८२३ असेल तर तो टायर २०२३ च्या अडतिसाव्या आठवड्यात बनलेला आहे. सोलापूरच्या उन्हात वर्षानुवर्षे उभ्या राहणाऱ्या गाडीचे रबर नक्षी शिल्लक असतानाही कडक होते. बाजूवर बारीक भेगा दिसत असतील, तर खोली कितीही असो, टायर बदलावा.

विंटर टायरची खूण. यात सर्वाधिक फसगत होते. टायरवर इंग्रजी एम आणि एस ही अक्षरे दिसली की तो बर्फाचा टायर आहे असे सांगून विकला जातो. ती अक्षरे चिखल आणि बर्फ असे सुचवतात, परंतु ती नक्षीच्या रचनेवरून लावली जातात आणि त्यामागे बर्फावरची चाचणी असेलच असे नाही. आपल्याकडच्या कितीतरी उंच गाड्यांच्या साध्या टायरवर ती असतात. बर्फावरच्या चाचणीत उतरलेल्या टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असे चित्र असते. जर्मनीने तर १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसत्या एम आणि एस अक्षरांचा टायर हिवाळी टायर म्हणून मानणे बंद केले आहे. चित्र नसेल तर पैसे देऊ नयेत.

माप. ड्रायव्हरच्या दरवाजाजवळच्या खांबावरील पट्टीवर आपल्या गाडीला चालणारी मापे लिहिलेली असतात. त्यांतले अरुंद माप बर्फासाठी चांगले, कारण अरुंद टायर मऊ बर्फ कापून खालच्या घट्ट थरापर्यंत पोहोचतो आणि रुंद टायर वरच तरंगतो. स्विफ्टच्या अलीकडच्या पिढ्यांत खालच्या मॉडेलला १६५/८० आर१४ आणि वरच्या मॉडेलला १८५/६५ आर१५ असे टायर येतात. दोन्हींच्या एकूण व्यासात जेमतेम दोन मिलिमीटरचा फरक आहे, त्यामुळे वरच्या मॉडेलच्या मालकाला हिवाळ्यासाठी चौदा इंची लोखंडी रिमचा वेगळा संच करता येतो. मात्र आपल्या मॉडेलच्या ब्रेकवर ती रिम बसते का, याची खात्री आधी सर्व्हिस सेंटरमध्ये करून घ्यावी. असा स्वतंत्र संच असला की दर हिवाळ्यात टायर रिमवरून काढ-घाल करण्याचा त्रास वाचतो. भार आणि वेग यांची अक्षरेही पाहावीत. भाराचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी चालणार नाही. वेगाचे अक्षर विंटर टायरवर बहुधा क्यू किंवा टी असते, म्हणजे अनुक्रमे ताशी १६० आणि १९० किलोमीटर, आणि ते आपल्या कामाला पुरते.

सोलापुरातील टायरच्या दुकानात हे टायर तयार मिळतील अशी अपेक्षा ठेवू नये. माप सांगून मागवावे लागतात, आणि छोट्या मापांची निवड मर्यादित असल्याने चौकशी पावसाळ्यातच सुरू करावी.

संख्या चारच. पैसे वाचवण्यासाठी फक्त पुढे दोन विंटर टायर घालण्याचा सल्ला अनेक जण देतात. हा सल्ला धोकादायक आहे. पुढची चाके घट्ट धरतात, मागची धरत नाहीत, आणि उतारावरच्या वळणात ब्रेक लागताच गाडीची शेपूट बाहेर फेकली जाऊन ती आडवी होते. दोनच चांगले टायर परवडत असतील तर ते मागे घालावेत, आणि बर्फावर गाडी नेऊ नये.

> तपासणी: टायरच्या बाजूवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल, तर चारही चाकांवर तो पुढच्या दिशेने आहे ना हे चढवल्यावर स्वतः पाहावे.

## टप्पा ३: सोलापुरातच करायची गाडीची तयारी

पहिले काम रेडिएटरचे. आपल्याकडे इंजिन तापण्याची भीती असते, गोठण्याची नसते, म्हणून कूलंट कमी झाले की नळाचे पाणी ओतण्याची सवय पडलेली असते. वर्ष-दोन वर्षांत आत बहुतेक पाणीच उरते. पाणी गोठताना फुगते आणि त्या दाबाने रेडिएटर किंवा इंजिनचा ब्लॉकही फुटू शकतो. जुने द्रव पूर्ण काढून कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मे-निम्मे भरून घ्यावे. हे मिश्रण उणे ३५ अंशांच्या आसपास टिकते. तयार मिश्रण घेतले असेल तर त्यात पुन्हा पाणी घालू नये.

काच धुण्याच्या टाकीतले साधे पाणीही गोठते. निघण्याआधी ते संपवून न गोठणारे द्रव भरावे. वायपरचे रबर नवीन घ्यावे, कारण उन्हाने कडक झालेले रबर ओल्या बर्फात काच पुसण्याऐवजी तिच्यावर रेघा ओढते.

बॅटरी थंडीत कमी ताकद देते आणि घट्ट झालेल्या तेलामुळे इंजिन फिरवायला नेमकी जास्त ताकद लागते. तीन वर्षांहून जुनी बॅटरी दुकानात भारावर तपासून घ्यावी. इंजिन ऑइल पुस्तिकेत सांगितलेल्या थंडीच्या श्रेणीचे आहे ना, हेही त्याच वेळी पाहावे. डिझेल गाडी असेल तर डोंगरात शिरल्यावर तिथल्याच पंपावर टाकी भरावी, कारण मैदानी भागातले डिझेल कडाक्याच्या थंडीत घट्ट होऊन फिल्टरमध्ये अडकते.

सीएनजी गाडीवाल्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. सिलिंडर डिकीत असतो, त्यावर चार बॅगा आणि मागे तीन माणसे बसली की गाडीचे नाक हलके होते, आणि ओढणारी चाके तर पुढेच आहेत. चढावर ती जागच्या जागी फिरतात. पकड वाढावी म्हणून डिकीत वाळूची पोती ठेवण्याची युक्ती मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची आहे. आपल्या गाडीत तिने उलट परिणाम होतो. जड सामान हॉटेलमध्ये ठेवूनच बर्फाकडे निघावे.

सोबत घ्यायचे सामान असे: मापाच्या साखळ्या, छोटे फावडे, दोन-तीन किलो कोरडी वाळू, दोन गोणपाटे, टायरखाली घालता येईल अशी एक जुनी सोलापुरी चादर आणि अंगावर घेण्यासाठी वेगळ्या चादरी, हवा मोजण्याचे यंत्र, टॉर्च, रबरी हातमोजे, टोइंगचा पट्टा, जंपर केबल, जॅकखाली ठेवायला लाकडी फळी आणि चाकाला लावायला दोन ठोकळे. खाण्यासाठी कडक भाकरी आणि शेंगाचटणी यांच्यापेक्षा सोयीचे काही नाही. दोन्ही थंडीत गोठत नाहीत, टिकतात आणि पोट भरतात. पाणी मात्र थर्मासमध्ये ठेवावे.

## टप्पा ४: साखळ्या घरीच लावून पाहणे

साखळ्या म्हणजे गाडीत पडून राहणारा विमा, अशी समजूत असल्यामुळे बहुतेक जण त्या पहिल्यांदा उघडतात ते बर्फात, बोटे बधिर झालेली असताना आणि मागून हॉर्न वाजत असताना. हे टाळण्यासाठी घराजवळच्या मोकळ्या जागेत किमान दोनदा त्या लावून आणि काढून पाहाव्यात. दुसऱ्यांदा लावताना हातमोजे घालून लावाव्यात.

१. साखळीच्या पिशवीवरील मापाची यादी टायरवरील मापाशी अंकन्‌अंक जुळवावी. ‘सगळ्या छोट्या गाड्यांना बसते’ असे सांगून विकली जाणारी साखळी घेऊ नये. साखळ्यांऐवजी विकले जाणारे प्लास्टिकचे पट्टे काही चक्करांत तुटतात.

२. गाडीच्या पुस्तिकेत साखळ्यांविषयी काही मनाई आहे का ते वाचावे.

३. साखळी जमिनीवर पसरून तिचे सगळे पीळ सोडवावेत. हुकांची उघडी टोके टायरच्या रबरापासून दूर, बाहेरच्या बाजूला राहिली पाहिजेत.

४. साखळी पुढच्या चाकावर टाकावी. आधी आतल्या बाजूचा हुक जोडावा, मग बाहेरचा, आणि शेवटी ताण देणारी कडी ओढावी. गाडी थोडी पुढे घेऊन टायरखाली राहिलेला भाग मोकळा करावा.

५. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून साखळी सस्पेन्शनच्या खांबाला किंवा ब्रेकच्या नळीला घासते का ते टॉर्च लावून पाहावे. घासत असेल तर ती साखळी या गाडीसाठी नाही.

६. अगदी हळू पन्नास-शंभर मीटर जाऊन थांबावे आणि ताण पुन्हा द्यावा. पहिल्यांदा घट्ट वाटलेली साखळी हमखास सैल झालेली असते. बर्फातही हा थांबा चुकवू नये.

> सावधान: साखळी बसत नाही म्हणून टायरची हवा सोडू नये. साखळ्या लावल्यावर वेग ताशी ३० किलोमीटरच्या वर नेऊ नये, आणि उघडे डांबर लागताच त्या काढाव्यात. कोरड्या रस्त्यावर त्या तुटतात आणि तुटलेले टोक फेंडर व ब्रेकची नळी फोडते.

पुढे साखळ्या लावल्याने मागची चाके सुधारत नाहीत, हेही विसरू नये. चढताना गाडी भक्कम वाटते, तिच्याच आधाराने उतारावर वेग वाढतो आणि मागची बाजू सरकते.

## टप्पा ५: बर्फाच्या अलीकडचा मुक्काम

टायरमधली हवा सोलापुरात मोजून निश्चिंत होऊ नये. थंडीने हवेचा दाब उतरतो, साधारण प्रत्येक ५ ते ६ अंशांना १ पीएसआय. उलट उंचीवर बाहेरच्या वातावरणाचा दाब कमी असल्याने तीच हवा मोजयंत्रावर थोडी जास्त दिसते. दोन्ही परिणाम विरुद्ध दिशेचे असल्यामुळे आकडेमोडीत न पडता मनालीत, सुमारे २,०५० मीटर उंचीवर, सकाळी गाडी हलवण्याआधी हवा मोजावी आणि दरवाजाच्या पट्टीवरील आकड्यावर आणावी. बर्फासाठी म्हणून हवा कमी करू नये. परतताना मैदानात उतरल्यावर पुन्हा मोजावी.

निघण्याची वेळ हवामानाचा अंदाज पाहून ठरवावी आणि सकाळी दहानंतरच निघावे. दुपारी तीनच्या सुमारास परतीला लागावे. दिवसा वितळलेले पाणी ऊन उतरताच रस्त्यावर पुन्हा गोठते, आणि सकाळी सुरक्षित वाटलेला रस्ता संध्याकाळी काचेसारखा होतो. २०२४ च्या नाताळाआधी सोलंग आणि त्याच्या पुढचा अटल बोगदा यांच्या दरम्यान सुमारे हजार वाहने अडकली होती.

## टप्पा ६: प्रत्यक्ष चालवणे

सुटणे. गाडीवरचा, विशेषतः टपावरचा, बर्फ पूर्ण झाडावा, नाहीतर पहिल्याच ब्रेकला तो घसरून समोरच्या काचेवर येतो. चाके सरळ करावीत. दुसऱ्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडावा आणि ॲक्सिलरेटर जेमतेम लावावा. पहिल्या गिअरमध्ये चाकांवर जास्त जोर येतो आणि ती फिरू लागतात. एएमटी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारी, गाडी मॅन्युअल मोडमध्ये ठेवावी, म्हणजे चढाच्या मध्येच ती स्वतःहून गिअर बदलणार नाही.

पावसात काळ्या मातीच्या पाणंदीतून गाडी काढलेल्या माणसाला चाके जागेवर फिरणे नवे नाही. फरक एवढाच की मातीत रेस देऊन धक्क्याने निघण्याची जी सवय लागते, ती बर्फात घात करते. फिरणारे चाक खालचा बर्फ वितळवते, ते पाणी लगेच गोठते आणि चाकाखाली स्वतःच बनवलेली घसरगुंडी तयार होते.

पकड अजमावणे. मागेपुढे वाहन नसेल तेव्हा ताशी दहा-पंधराच्या वेगात हलकाच ब्रेक दाबून पाहावा. गाडी किती सरकते यावरून त्या वेळचा रस्ता कळतो. सावलीतून उन्हात आणि उन्हातून सावलीत गेल्यावर ही चाचणी पुन्हा करावी.

अंतर. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोहोचल्यापासून आपण तिथे पोहोचेपर्यंत किमान आठ ते दहा सेकंद मोजता आले पाहिजेत. मधल्या जागेत कोणी घुसलेच, तर वेग कमी करून अंतर पुन्हा तयार करावे.

ब्रेक, वळण, ॲक्सिलरेटर. एका वेळी यांपैकी एकच. टायरची पकड मर्यादित असते आणि ती ब्रेक व वळण यांत वाटली की दोन्हीला पुरत नाही. ब्रेक वळणाच्या आधी, चाके सरळ असताना पूर्ण करावा, मग ब्रेक सोडून वळावे आणि स्टिअरिंग सरळ झाल्यावरच पुन्हा ॲक्सिलरेटर द्यावा. नव्याने शिकणाऱ्याने एवढा एकच परिच्छेद पाठ केला तरी चालेल.

एबीएस, म्हणजे ब्रेक लावल्यावर चाके अडू न देणारी यंत्रणा, असलेल्या गाडीत जोरात ब्रेक लागला की पेडल थरथरते आणि खडखड आवाज येतो. तो बिघाड नसतो, म्हणून पाय उचलू नये. एबीएसमुळे ब्रेक लागलेला असतानाही गाडी वळवता येते, मात्र मोकळ्या बर्फावर थांबण्याचे अंतर कमी होत नाही, कधी वाढतेही. एबीएस नसलेल्या जुन्या गाडीत ब्रेक हलक्या हाताने, थोडा थोडा, दाबत आणि सोडत लावावा.

चढ. वर चढणारी पुढची गाडी वळणाच्या पलीकडे जाईपर्यंत खालीच थांबावे. मग दुसऱ्या गिअरमध्ये एकसारख्या वेगाने, मध्ये न थांबता चढावे. चाके फिरू लागली तर ॲक्सिलरेटर कमी करावा. गाडी थांबलीच तर जोर न लावता सरळ मागे, सपाट जागेपर्यंत उतरावे आणि पुन्हा सुरुवात करावी.

उतार. इथेच सर्वाधिक अपघात होतात. पेट्रोल वाचते म्हणून घाटात न्यूट्रल करण्याची आपल्याकडची सवय बर्फाच्या उतारावर गाडी दरीत घालू शकते. उतार सुरू होण्याआधीच, सपाटीवर, पहिला किंवा दुसरा गिअर टाकावा आणि वेग इंजिनाला धरून ठेवू द्यावा. गिअर खाली आणताना क्लच झटकन सोडू नये, कारण पुढची चाके क्षणभर अडतात आणि नेमका त्याच क्षणी स्टिअरिंगचा ताबा सुटतो. हँडब्रेकला हात लावू नये, तो मागची चाके अडवतो.

बोगद्याचे तोंड. ९.०२ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्यात रस्ता कोरडा असतो आणि डोळ्यांना तसेच हाताला वेगाची सवय होते. बाहेर पडताच ३,००० मीटरहून अधिक उंचीवरचा बर्फ समोर येतो. ब्रेक बोगद्याच्या आत, कोरड्या रस्त्यावरच संपवावा. पुलांवर, डोंगराच्या सावलीतल्या वळणांवर आणि झऱ्याचे पाणी रस्त्यावर येते अशा ठिकाणी पारदर्शक गोठलेला थर असतो आणि तो नुसत्या ओल्या डांबरासारखा दिसतो. बाहेर शून्याच्या आसपास तापमान असेल आणि समोरच्या वाहनांच्या चाकांतून पाणी उडत नसेल, तर तो ओला रस्ता बर्फाचाच समजावा.

## टप्पा ७: गाडी घसरली तर

नाक सरळ जात राहिले, म्हणजे स्टिअरिंग वळवूनही गाडी वळली नाही, तर ॲक्सिलरेटर हळूच सोडावा आणि स्टिअरिंग थोडे सरळ करावे. हात उलटे सांगत असतो, अजून वळव म्हणत असतो, पण जास्त वळलेले चाक नुसते खरवडत जाते. ते थोडे सरळ होताच पकड परत येते, मग पुन्हा हळू वळवावे.

शेपूट बाहेर गेली, तर ब्रेकला हात अथवा पाय लावू नये. क्लच दाबावा, जिकडे जायचे आहे तिकडे पाहावे आणि स्टिअरिंग तिकडेच वळवावे. गाडी सावरू लागली की लगेच स्टिअरिंग परत आणावे, नाहीतर ती दुसऱ्या बाजूला फेकली जाते. वळणात ॲक्सिलरेटर एकदम सोडला की असे घडते, म्हणून पाय नेहमी सावकाश उचलावा.

## टप्पा ८: अडकल्यावर

चाके दोनदा जागेवर फिरली की थांबावे आणि खाली उतरावे. पुढच्या चाकांसमोरचा आणि गाडीच्या पोटाखालचा बर्फ फावड्याने काढावा. चाकांसमोर वाळू टाकावी किंवा गोणपाट, जुनी चादर खुपसावी. ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाके जागेवर फिरू न देणारी यंत्रणा, असेल तर एवढ्यापुरते बंद करावे आणि निघाल्यावर चालू करावे. दुसरा गिअर आणि रिव्हर्स यांत आलटून-पालटून हळुवार हलवत गाडी काढावी. ढकलणाऱ्यांनी चाकांच्या रेषेत उभे राहू नये, गोणपाट जोरात मागे उडते.

> सावधान: बर्फात रात्र काढावी लागली आणि हीटरसाठी इंजिन चालू ठेवले, तर सायलेन्सरचे तोंड बर्फाने बुजते आणि कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो. त्याला वास नसतो आणि माणूस झोपेतच दगावतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी येथे बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक माणसे मरण पावली. सायलेन्सरभोवतीचा बर्फ वारंवार काढावा, इंजिन थोडा वेळच चालवावे, वारा येत नाही त्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवावी आणि एकाने तरी जागे राहावे.

## टप्पा ९: रात्रीचा मुक्काम, सकाळ आणि परती

रात्री गाडी उभी करताना हँडब्रेक ओढून ठेवू नये, ओल्या ब्रेकची पॅडे गोठून चिकटतात. शक्य तितकी सपाट जागा निवडून गाडी पहिल्या किंवा रिव्हर्स गिअरमध्ये ठेवावी, चाकांना ठोकळे लावावेत आणि वायपर काचेपासून उचलून ठेवावेत. सकाळी काचेवर गरम पाणी ओतू नये, ती तडकते. आतून कोमट हवा लावून बर्फ सैल होऊ द्यावा आणि प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावा. चिकटलेले वायपर मोटरने ओढू नयेत.

सोलापुरात परतल्यावर गाडी खालून दाबाच्या पाण्याने धुवावी, कारण बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकलेले असेल तर ते पत्र्याला गंज आणते. साखळ्या गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, हलके तेल लावून ठेवाव्यात. विंटर टायरचा संच असेल तर तो स्वच्छ करून, कोणते चाक कुठले हे खडूने लिहून, अंधाऱ्या आणि थंड खोलीत ठेवावा. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेले टायर एका उन्हाळ्यातच कडक होतात. पुढच्या हिवाळ्यात चढवण्याआधी नक्षीची खोली पुन्हा मोजावी.